वाय-फाय वारंवारतापट्ट, घरगुती

वाय-फाय वारंवारतापट्ट, घरगुती : बिनतारी मार्गाने आंतरजाल-जोडणी घरभर पोहोचविणाऱ्या राउटरला ज्या रेडिओतरंगांवर काम करण्याची मुभा असते, त्यांच्या वारंवारतांच्या ठरावीक मर्यादा. १९९७ च्या ८०२.११ या मानकात २.४ गिगाहर्ट्झचा पट्ट होता; १९९९ मध्ये त्यास ५ गिगाहर्ट्झच्या पट्टाची जोड मिळाली. भारतात २.४ गिगाहर्ट्झवरील परवान्याची अट २००५ च्या नियमांनी उठली आणि २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचा टापू विनापरवाना वापरास खुला झाला.

निवडीचे मर्म भिंतीत आहे. पहिल्या पट्टातील तरंगाची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्यातील पाच ते सहा सेंटिमीटर असून, वारंवारता जितकी उच्च तितका तरंग वीट व काँक्रीट यांत अधिक क्षीण होत असल्यामुळे, २.४ गिगाहर्ट्झचा संदेश जेथवर जातो तेथवर ५ गिगाहर्ट्झचा पुष्कळदा पोहोचत नाही. परंतु जो गुण आपल्या तरंगास भिंतीपलीकडे नेतो, तोच शेजाऱ्याच्या तरंगासही आपल्या घरात आणतो, आणि ८३.५ मेगाहर्ट्झच्या या अरुंद पट्टात परस्परांवर न चढणारी १, ६ व ११ ही तीनच चॅनेल प्रचारात असल्याने, शिवाय ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह भट्टी यांचाही अंमल तेथेच असल्याने, मुंबई-पुण्याच्या दाट वस्तीतील इमारतींत तेथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झला भिंत अडविते खरी, पण परक्या तरंगांपासून त्याची राखणही तीच करते. रुंद चॅनेलांमुळे वेगही अधिक मिळतो. मात्र त्यांपैकी काहींवर रडारचा अग्रहक्क असून, त्याची चाहूल लागताच राउटरला जागा खाली करावी लागते.

यास्तव राउटरच्या खोलीतील वा लगतच्या खोलीतील दूरचित्रवाणी संच, लॅपटॉप व मोबाइल यांस ५ गिगाहर्ट्झ, आणि दूरच्या खोल्यांस, तसेच बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालणाऱ्या स्मार्ट दिव्यांस व प्लगांस तो पट्ट द्यावा. दोन्ही पट्टांस एकच नाव दिल्यास निवड उपकरणांच्या मर्जीवर राहते. निरनिराळी नावे दिल्यास ती मालकाच्या हाती येते. अमेरिकेने २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झचा तिसरा पट्ट खुला केला; तो अधिक विस्तीर्ण असला तरी भिंतीपुढे अधिकच दुबळा ठरतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत पट्ट बदलून फारसे साधत नाही. तेथे तार ओढून दुसरे प्रक्षेपकयंत्र बसविणे हाच खात्रीचा बंदोबस्त होय.