तीन हजार मैलांचा दंडक

गाडीच्या दाराआड किंवा काचेच्या कोपऱ्यात गॅरेजवाल्यानं चिकटवलेली चिठ्ठी आपण सर्वांनी पाहिली आहे. पुढचं ऑइल अमुक किलोमीटरला. हा आकडा कुणी ठरवला, असं सहसा कुणी विचारत नाही. पंचांगातल्या मुहूर्तासारखा तो पाळला जातो. पण हा काही निसर्गाचा नियम नव्हे. त्याला इतिहास आहे, आणि तो गाडीपेक्षा तेलाचा इतिहास आहे.

वंगण ही आपल्याला नवी गोष्ट नाही. चरकसंहितेत अंगाला तेल लावण्याचे गुण सांगताना तेल दिलेल्या आखाचा दाखला आलेला आहे. संस्कृतात स्नेह म्हणजे तेलही आणि मायाही. फारसीतलं रोगन म्हणजे तेल, ते मराठीत येताना लाकडावरचं रोगण होऊन बसलं. असो. शब्दांच्या मागे लागलो तर एरंडाचं गुऱ्हाळ व्हायचं.

एरंडाचं नाव निघालंच आहे तर तिथूनच पुढे जाऊ. १९०९ साली लंडनच्या वेकफिल्ड कंपनीनं मोटारी आणि विमानांसाठी एक तेल बाजारात आणलं. त्यात एरंडेल होतं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून तेलाचं नाव पडलं कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या ज्या विमानांचं इंजिन पंख्याबरोबर स्वतःच गरगरा फिरे, त्यांत एरंडेलच वापरलं जाई, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. मात्र ते इंजिनातून बाहेर फवारलं जाई आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. एरंडेल पोटात गेलं की काय होतं, हे आपल्या आजीला विचारावं. त्याचा दुसरा दोष असा की उष्णतेनं ते चिकट होतं आणि इंजिनात राळ साचते. म्हणून मोटारींत खनिज तेल रुळलं.

त्या काळच्या खनिज तेलात मळ धरून ठेवणारी रसायनं नव्हती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तेलाचा पंप नव्हता, फिल्टरही नव्हता. धूळ, काजळी, धातूचा कीस सगळं त्याच तेलात. त्यामुळे काही शे मैलांनी तेल काढून टाकणं हाच शहाणपणा होता. पुढे फिल्टर आले, तेलात मळ धुणारी रसायनं पडू लागली आणि मुदत वाढत गेली. अमेरिकेत ती तीन हजार मैलांवर, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरवर, येऊन जी अडकली ती अडकलीच. तेल सुधारत गेलं, आकडा मात्र तिथेच बसून राहिला. तेल बदलून देण्यावरच ज्यांचं दुकान चालतं, त्यांना तो हलवायची घाई का असावी? शेवटी कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा-व्यवस्थापन खात्यालाच लोकांना सांगावं लागलं, की बाबांनो, गाडीचं पुस्तक उघडून बघा, विनाकारण तेल ओतून देऊ नका.

आता सिंथेटिक, म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेलं तेल. त्याचा जन्म टंचाईतून आणि युद्धातून झाला. जर्मनीकडे कोळसा भरपूर, खनिज तेल तुटपुंजं. १९२५ साली फिशर आणि ट्रॉप्श या दोघा शास्त्रज्ञांनी कोळशापासून मिळणाऱ्या वायूतून द्रव इंधन घडवण्याची रीत काढली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं कृत्रिम वंगणांवरही काम केलं. मग आली जेट विमानं. त्यांच्या इंजिनात भट्टीची धग, आणि बाहेर आकाशात शून्याखाली पन्नास अंश. साधं तेल थंडीत गोठल्यासारखं घट्ट होई आणि धगीत जळून जाई. तिथे एस्टर जातीची कृत्रिम तेलं कामी आली.

हा गुण रस्त्यावर आणणाऱ्यांत एक लढाऊ वैमानिक होता. अमेरिकेतल्या अल अमाटुझिओ यांनी जेट विमानातलं तेल पाहिलं होतं. तसंच मोटारीत का नको, म्हणून त्यांनी १९७२ साली ॲम्सऑइल हे सिंथेटिक तेल बाजारात आणलं. दावा होता २५ हजार मैल किंवा एक वर्ष. लोकांना तो बाता मारण्यासारखा वाटला असणार. पण १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, भाव भडकले, आणि कमी वेळा बदलावं लागणारं तेल ही चैन न राहता हिशेबाची बाब झाली. त्याच दशकात मोबिल वन आलं आणि सिंथेटिक हा शब्द घरोघरी गेला.

हे तेल जास्त का टिकतं? खनिज तेलात लहानमोठ्या, वेड्यावाकड्या रेणूंची खिचडी असते, थोडं मेण असतं, गंधक असतं. घडवलेल्या तेलाचे रेणू जवळपास एकसारखे असतात, त्यामुळे ते उष्णतेत सावकाश बिघडतं आणि थंडीत वाहतं राहतं. मात्र डब्यावरचा शब्द पाहून हुरळून जाऊ नये. १९९९ साली अमेरिकेतल्या जाहिरात-तंट्यांच्या मंडळानं मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्या वादात निर्णय दिला, की खनिज तेलावर कडक प्रक्रिया करून बनवलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून एकाच शब्दाखाली दोन कुळं नांदत आहेत.

मग बदलायचं कधी? आपल्याकडे आज बऱ्याच मोटारींच्या पुस्तकात १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं लिहिलेलं असतं, काहींत १५ हजार. पुढे तीन शब्द असतात, तेच लोक वाचत नाहीत: जे आधी येईल. गावातल्या गावात, बाजारापर्यंत जाऊन येणारी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही चालत नाही. पण इंजिन नीट तापत नसल्यानं जळणातून निघालेलं पाणी आणि थोडं पेट्रोल तेलातच मुरतं. अशा गाडीचं तेल वर्षानं बदलायलाच हवं, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. धुळीचे रस्ते, सदा भरलेली टॅक्सी, घाटातली ओढ असेल तर पुस्तकातच कमी मुदत दिलेली असते.

मोटरसायकलची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात बुडालेले असतात. गिअरचे दाते तेलाचे रेणू अक्षरशः चिरडतात. म्हणून तिची मुदत बहुधा कमी असते, आणि मोटारीचं तेल तिच्यात ओतलं तर क्लच घसरू शकतो. तिच्यासाठी जासो एमए असा शिक्का असलेलं तेल लागतं.

तेल काळं झालं म्हणून गेलं, हाही एक पक्का समज. गॅरेजमधला उस्ताद दोन बोटांत तेल चोळून मान हलवतो आणि आपण पाकीट काढतो. काजळी पकडून ठेवणं हे तेलातल्या रसायनांचं कामच आहे; काळं तेल बहुधा काम करत असतं. उलट, रंग साजरा आहे म्हणून मुदत उलटू दिली तर ती रसायनं संपतात, गाळ धरतो, आणि एके दिवशी इंजिनाचं काम निघतं. एका रिक्षावाल्याला ते काही महिन्यांच्या कमाईला पडतं. सिंथेटिक टाकलं म्हणून डिपस्टिक बघायचं सोडलं, तरी गत तीच. चांगलं तेलही इंजिन थोडं थोडं पितंच.

काढलेलं तेल कुठे जातं, हेही एकदा विचारून पाहावं. कुठे गटारात, कुठे स्लॅबच्या फळ्यांना. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी भारतात उत्पादक कंपन्यांवरही आली आहे. कारण मूळ तेल फारसं झिजत नाही, मळतं. मळ आणि संपलेली रसायनं काढून टाकली की त्याच तेलाचं पुन्हा वंगण करता येतं.