हरवलेल्या फायलींचा इतिहास

(दहावी १९९६, तुकडी ब)

स्मरणिका समितीने मला खरं तर ‘शाळेचा चित्रमय इतिहास’ या विभागाचं काम दिलं होतं. तो विभाग तुम्ही पुढे पाहालच. त्यातल्या काही फोटोंचा खालचा भाग नुसता राखाडी आहे, काहींखाली नावांऐवजी प्रश्नचिन्हं आहेत, आणि मुख्याध्यापिका बाईंची मुलाखत एका वाक्याच्या मध्येच तुटते. ही छापखान्याची चूक नाही. चूक माझी आहे. ती कशी झाली आणि काय परत मिळालं, हे सर्वांना सांगायला हवं म्हणून हा लेख.

दोन दिवाळीच्या सुट्ट्या घालवून मी जुन्या विद्यार्थ्यांच्या घरचे अल्बम गोळा केले होते आणि ४१२ फोटो स्कॅन केले होते. त्यांच्याच शेजारी होती बाईंची मुलाखत. २०१४ साली त्यांच्या घरी बसून केलेलं ४८ मिनिटांचं रेकॉर्डिंग. बाई २०१९ मध्ये गेल्या. हे सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होतं. लॅपटॉपवर जागा पुरेना म्हणून तिथली प्रत मी पुसून टाकली होती. ‘दुसरी प्रत करू सावकाश’ म्हणून ते राहून गेलं. वीस वर्षांहून अधिक काळ मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि रोज इतरांना बॅकअप घ्यायला सांगते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गेल्या डिसेंबरात फोटो निवडत बसले होते. उठताना केबलमध्ये पाय अडकला आणि डिस्क चालू असतानाच पलंगावरून फरशीवर पडली. उंची दीड फूट असेल. उचलून पुन्हा जोडली तर आतून आवाज आला. टक्, टक्, टक्, मग शांतता, मग पुन्हा टक् टक्. मी घाबरून चार-पाच वेळा काढली, लावली. तेवढंही करायला नको होतं हे मला ठाऊक होतं, तरी केलं. आई म्हणाली, “तांदळाच्या डब्यात ठेव, फोन नव्हता का झाला बरा!” फोनमधलं पाणी तांदळाने शोषलं असेल-नसेल, पण या टक् टकीवर तांदूळ चालत नाहीत. का चालत नाहीत हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आली. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या गटाने ती बनवली. रॅमॅक हे त्या यंत्राचं नाव. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसवलेल्या होत्या आणि सगळं मिळून वजन एक टनाच्या पुढे. त्यात मावायची ५० लाख अक्षरं. आज फोनवर काढलेला एक चांगला फोटोसुद्धा तिथे जेमतेम बसला असता. माझी डिस्क वहीपेक्षा लहान, आणि तिच्यात त्याच्या दोन लाख पट जागा.

हे साधलं ते मुख्यतः जवळ जाऊन. तबकडीवर चुंबकीय थर असतो आणि त्यावरून वाचणारं-लिहिणारं ‘हेड’ फिरतं. रॅमॅकमध्ये हेड आणि तबकडी यांत सुमारे २० मायक्रॉन अंतर होतं. १९७३ मध्ये आयबीएमने ‘विंचेस्टर’ पद्धतीची डिस्क आणली. तिच्यात हेड आणि तबकड्या एकाच बंद पेटीत, धुळीपासून दूर. तेव्हापासून हे अंतर घटतच गेलं. आज ते काही नॅनोमीटर इतकंच असतं, आणि माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीमुळे हवेचा पातळ थर तयार होतो आणि हेड त्यावर तरंगतं. अशा वेळी दीड फुटावरून धक्का बसला तर हेड तबकडीवर आदळतं. मग ते नीट वाचू शकत नाही, पुन्हा मूळ जागी येतं, पुन्हा प्रयत्न करतं. ती टक् टक् म्हणजे हेडची ही येजा. दर खेपेला तबकडी खरवडली जाण्याची भीती. म्हणून आवाज आला की वीज तोडायची आणि स्वस्थ बसायचं, एवढाच घरगुती उपाय.

पण फाइल जाते ती नेहमी अशी आदळूनच जाते असं नाही. बहुतेक वेळा आपणच ती पुसतो. आपल्या शाळेच्या संगणक खोलीत दोनच मशीन होती, आठवतं? चपला बाहेर काढून, रांगेने आत. दहावीच्या सहलीची ८४ नावांची यादी मी दोन तास बसून टाइप केली आणि शेवटी चुकून पुसली. रडायला आले होते. सर हसत आले, त्यांनी ‘अनडिलीट’ ही आज्ञा दिली आणि पडद्यावर ‘सहल’ नावाची फाइल दिसली. फक्त पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. मशीन विचारत होतं, पहिलं अक्षर कोणतं? सर म्हणाले, “तूच सांग. तुझी फाइल आहे.” मी ‘एस’ दाबलं आणि ८४ नावं परत आली.

तेव्हा ती जादू वाटली. त्यामागचं कारण मला इंजिनिअरिंगला कळलं. डॉस फाइल पुसताना मजकुराला हातच लावत नसे. अनुक्रमणिकेतल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ‘ई५’ ही खूण करी आणि ती जागा मोकळी झाली असं धरून चाले. मजकूर जिथल्या तिथे असे, नवीन काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. म्हणून पहिलं अक्षर माणसालाच विचारावं लागे. पीटर नॉर्टन या प्रोग्रॅमरने १९८२ साली हीच युक्ती ‘अनइरेज’ नावाने विकायला आणली आणि त्याचं नाव जगभर झालं. १९९१ च्या डॉस ५ मध्ये ती आज्ञा आयती मिळू लागली. आपल्या सरांनी वापरली ती हीच.

मोडलेल्या डिस्कबद्दलची सर्वांत थरारक गोष्ट मात्र कोलंबिया यानाची. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान परतताना आकाशात फुटलं. कल्पना चावलासह सातही जण गेले. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, ऑफिसात आम्ही सगळे टीव्हीसमोर गोठून उभे होतो. यानात झेनॉन वायूवरचा एक प्रयोग होता, ढवळल्यावर त्याचा घट्टपणा कसा बदलतो ते पाहण्याचा. त्याची बरीच माहिती उड्डाणातच जमिनीवर पोचली होती, बाकीची डिस्कवर होती. काही महिन्यांनी टेक्सासमध्ये एका आटलेल्या तळ्यात ती डिस्क सापडली. प्लॅस्टिक वितळलेलं, आत माती. तबकड्या मात्र जिथे माहिती होती तिथे शाबूत होत्या. डॉस पद्धतीमुळे माहिती विखुरलेली नव्हती, एका बाजूला सलग लिहिलेली होती. मिनियापोलिसच्या तज्ज्ञांनी तबकड्या धुऊन दुसऱ्या पेटीत बसवल्या आणि ९९ टक्के माहिती वाचली. २००८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीही मिळालं नाही. म्हणजे कौशल्य हवंच, पण कुठे ओरखडा पडला हे नशीबच.

आमच्या नशिबात काय होतं ते पाहायला मी डिस्क पुण्यात हे काम करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेली. माझ्या हातचं ते नव्हतंच. त्यांनी धूळ गाळणाऱ्या काचेच्या कपाटात डिस्क उघडली, हुबेहूब त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून हिला लावलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे नक्कल. या धंद्यातला नियमच आहे, मूळ डिस्कवर काम करायचं नाही. आधी कण न् कण उतरवून घ्यायचा आणि मग नकलेवर हवे ते प्रयोग करायचे. डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्रॅम हे फार शहाणपणाने करतो. जिथे सहज वाचता येतं ते आधी वाचून घेतो, अडलं की तिथे डोकं न आपटता पुढे जातो, आणि शेवटी राहिलेल्या जागांकडे परत येतो. परीक्षेत बाई आपल्याला हेच सांगायच्या, आधी येतं ते लिहा. तीन आठवड्यांनी ८७ टक्के भाग हाती आला. एका तबकडीवर गोल ओरखडा होता, तिथलं कायमचं गेलं.

उरलेलं काम माझं. ओरखड्यात नेमकी अनुक्रमणिकाही सापडली होती. म्हणजे शाळेतल्यासारखं एक अक्षर नव्हे, सगळीच नावं गेली. अशा वेळी फोटोरेकसारखा प्रोग्रॅम नावं सोडून मजकूरच हुडकतो. प्रत्येक जेपेग फोटो ‘एफएफ डी८’ या आकड्यांनी सुरू होतो. ती खूण दिसली की इथे फोटो आहे असं समजून तो बाहेर काढायचा. असे ३७४ फोटो पूर्ण मिळाले, २१ अर्धे मिळाले आणि १७ गेले. जेपेग वरून खाली उलगडतो, म्हणून अर्ध्या फोटोंचा खालचा भाग राखाडी दिसतो.

फोटो मिळाले, पण प्रत्येकाचं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा. कोणाचा, कुठल्या सालचा, काही नाही. मग मी रोज रात्री दहा फोटो आपल्या ग्रुपवर टाकू लागले. पुढचं काम तुम्ही केलंत. ‘ती मी नव्हे, मी दोन वेण्या घालत नव्हते’ यावर तीन दिवस वाद झाला. १९६८ चं स्नेहसंमेलन ओळखलं ते शिपाईमामांनी, मागच्या घंटेवरून. निवृत्त सरांनी एका फोटोतल्या अकरा मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने सांगितली. ज्यांच्या घरी मूळ अल्बम अजून होते त्यांनी ते पुन्हा दिले आणि खराब झालेल्या ३८ पैकी १९ फोटो नव्याने स्कॅन झाले. बाकीच्यांतले जे अर्धे आहेत ते तसेच छापले आहेत. कोणाच्या घरी त्यांची जुनी प्रत निघाली तर कृपया कळवा.

राहिली मुलाखत. एमपी३ फाइल म्हणजे लहान लहान तुकड्यांची साखळी असते, त्यामुळे अर्धी मिळाली तरी वाजते. ४८ पैकी ३१ मिनिटं मिळाली. हेडफोन लावून रात्री एकटीच ऐकत बसले. बाई १९७२ च्या दुष्काळाबद्दल सांगत होत्या. तेव्हा त्या नव्यानेच शिक्षिका झाल्या होत्या. मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला जात, वर्ग ओस पडत, सुकडी वाटपाच्या दिवशी तेवढी गर्दी व्हायची. महिनोन् महिने न येणाऱ्या मुलांची नावं पटावरून कमी करा, असं त्यांना सांगण्यात आलं. बाईंनी ती केली नाहीत. रोज हजेरीत तेवीस नावं हाक मारून घेतली आणि समोर ‘गैरहजर’ लिहिलं. ‘नाव काढलं की मूल परत यायची वाट बंद होते,’ त्या म्हणतात. मग आवाज थोडा हसरा होतो: ‘त्यातला एक दोन वर्षांनी दारात उभा राहिला. हातात पाटी. मला म्हणाला, बाई, माझं नाव...’

इथे रेकॉर्डिंग संपतं. पुढची १७ मिनिटं त्या ओरखड्यात गेली. २०१४ मध्ये मी समोर बसून हे सगळं ऐकलं होतं, आणि आज मला ते वाक्य आठवत नाही. टेप चालू आहे म्हणून मी निर्धास्त होते. डिस्क पडली त्यापेक्षा मला याची जास्त खंत वाटते.

आता ती ३१ मिनिटं चार ठिकाणी आहेत: शाळेच्या ग्रंथालयात, माझ्याकडे, आपल्या वर्गातल्या एकीकडे सिंगापूरला, आणि बाईंच्या मुलाकडे. ज्यांना हवी असेल त्यांनी मागून घ्यावी. जितक्या घरांत असेल तितकं बरं.

आणि एक विनंती, विशेषतः माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांना आणि निवृत्त शिक्षकांना. बाईंनी ही गोष्ट माझ्याआधी कोणाला तरी नक्की सांगितली असणार. तो मुलगा आज साठी ओलांडलेला असेल, कदाचित या मेळाव्याला आलाही असेल. त्याने त्या दिवशी दारात उभं राहून काय विचारलं आणि बाईंनी काय उत्तर दिलं, हे कोणाला ठाऊक असेल तर मला सांगा. मेळाव्याच्या दिवशी मी नावनोंदणीच्या टेबलाशीच बसणार आहे. या वेळी ऐकेन आणि लगेच लिहूनही घेईन, कागदावर, दोन प्रतींत.