गवताच्या गंजीपासून देवनारपर्यंत

अमेरिकेतील जुन्या विद्यापीठांचे नाव निघाले की वेलींनी मढलेल्या इमारती, हार्वर्ड आणि येल यांच्या नौकाशर्यती आणि विद्यार्थ्यांची गुप्त मंडळे डोळ्यांपुढे उभी राहतात. अशा रूढी बहुधा आवाराच्या कुंपणातच जन्मतात आणि तिथेच म्हाताऱ्या होतात. परंतु तेथील एका लहानशा कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या चालीचा धागा आपल्या ट्रॉम्ब्याच्या, म्हणजे जुन्या तुर्भ्याच्या, वाटेवर येऊन पोहोचला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

हे कॉलेज म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेज. त्याची स्थापना १७९३ ची. डोंगरांच्या कुशीतले आडगावचे ठिकाण. काही विद्यार्थी ठरावीक दिवशी राईत जमून प्रार्थना करीत. १८०६ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका दिवशी वादळ उठले आणि पाच जणांनी गवताच्या गंजीचा आसरा घेतला. बोलणे आशियाविषयी निघाले होते. तिकडे आपणच का जाऊ नये, असा विचार त्या गंजीच्या आडोशाला पक्का झाला. दोन वर्षांनी त्यांचे एक गुप्त मंडळ स्थापन झाले. त्याची घटनाही सांकेतिक लिपीत लिहिलेली होती! त्यातूनच १८१० साली परदेशांत मिशनरी धाडणारे अमेरिकन बोर्ड उभे राहिले.

त्याच कॉलेजातून १८०८ साली पदवीधर झालेला गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबई बंदरात उतरला. कंपनी सरकारने त्याला परत घालवण्याचे हुकूम काढले. पण तो चिकटून राहिला, मराठी शिकला आणि त्याने शाळा काढल्या. १८२६ साली नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने तो वारला. त्याच्या अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली आणि १८४२ साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केला. या मंडळींचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, हे झाकण्याचे कारण नाही. आपल्याजवळ सत्य आहे आणि ते दुसऱ्याला द्यायचे आहे, अशा भावनेने ती आली होती. इथल्या माणसांकडून काही शिकायचे आहे, हा विचार त्या गंजीखाली कोणाच्या मनात आला नव्हता.

तो विचार यायला शंभरावर वर्षे जावी लागली. १९२५ साली याच मराठी मिशनतर्फे क्लिफर्ड मॅन्शार्ट मुंबईत आले. त्यांचे शिक्षण शिकागोचे. सुशिक्षितांनी गरिबांच्या वस्तीत शेजारी म्हणून राहावे, असा प्रयोग जेन अॅडम्स यांनी १८८९ पासून हल हाउसमध्ये चालवला होता, तो याच शिकागोत. मॅन्शार्टनी १९२६ साली कामगारवस्तीच्या नागपाड्यात 'नेबरहुड हाउस' उभारले आणि १९३६ साली टाटा विश्वस्त निधीच्या मदतीने तिथेच समाजकार्याची शाळा काढली. भारतातील अशी ती पहिलीच. १९४४ साली तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले आणि १९५४ साली ती शीव-ट्रॉम्बे रस्त्यावर देवनारला राहायला आली.

तिच्यासोबत एक चाल आली. पुस्तके बाजूला ठेवून विद्यार्थ्याने ठरलेल्या दिवशी वस्तीत, रुग्णालयात, न्यायालयात जायचे. पाहायचे, ऐकायचे, लिहून काढायचे. याला क्षेत्रकार्य म्हणतात. फाळणीनंतर संस्थेचे विद्यार्थी आणि शिक्षक कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत गेले, तेही याच वळणाने. आवार सोडून बाहेर पडण्याची विल्यम्सची रीत इथे टिकली, मात्र प्रवासाचा अर्थ उलटला. तो उपदेश करायला निघाला होता. हा प्रश्न विचारायला निघतो.

पण इतिहास इथेच गोड करून संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडत आला. त्याच्या कडेने गोवंडीच्या दाट वस्त्या वाढल्या. २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाशी निघाला. समाजकार्याची देशातील सर्वांत जुनी संस्था ज्या विभागात पाच दशकांहून अधिक काळ नांदली, त्याची ही स्थिती! २०११ साली, पंचाहत्तरीच्या निमित्ताने, संस्थेने याच विभागाच्या सुधारणेचा उपक्रम हाती घेतला. तो उशिरा घेतला, असे म्हणता येईल. पण शेजाऱ्याचे दार ठोठावण्याचे धैर्य त्यात होते, हेही मान्य केले पाहिजे.

सात समुद्र ओलांडणे एका अर्थाने सोपे असते. परक्या मुलखात आपण पाहुणे असतो आणि पाहुण्याला हिशेब विचारला जात नाही. रस्ता ओलांडणे अवघड, कारण पलीकडचा माणूस उद्याही भेटणार असतो. विल्यम्स कॉलेजात त्या गंजीच्या जागी आज संगमरवरी स्मारक आहे. देवनारच्या चालीला स्मारक नाही. दरवर्षी नवी मुले वही घेऊन फाटकाबाहेर पडतात, तेवढ्यावरच ती जिवंत आहे. आणि ती खरोखर जिवंत आहे की नुसती पाळली जाते, हे सांगण्याचा अधिकार फाटकाबाहेरच्यांचा आहे.