चौरंगाखालची घडी

पूजा मांडताना चौरंग डुगडुगला की घरातले कोणीतरी कागदाची घडी करून एका पायाखाली सरकवते. तीन दगडांची चूल मात्र कुठेही मांडा, डुगडुगत नाही. तीन बिंदूंतून एक सपाटी नेहमीच जाते. भांडण चौथ्यापासून सुरू होते. हे भांडण थेट लिओनार्ड ऑयलरपर्यंत पोचले होते. चार पायांच्या टेबलावर ओझे ठेवले तर कोणता पाय किती भार उचलतो, या प्रश्नावरचा त्याचा निबंध 1774 मध्ये छापला गेला. नुसत्या समतोलाच्या नियमांनी उत्तर मिळत नाही, कारण समीकरणे तीन आणि शोधायच्या राशी चार. पायाखालचा आधार किती दबतो हे ठाऊक असल्याशिवाय हिशेब अडलेलाच राहतो.

मोटार म्हणजे स्प्रिंगांवर ठेवलेला चौरंग. रिक्षाला ही अडचण नाही. ओझे कुठे ठेवले आहे त्यावरून तिच्या तीन चाकांचे वाटे आपोआप ठरतात. चारचाकीत वाटणी कोणीतरी करावी लागते. रोजच्या गाडीत ती कारखान्यातल्या जुळणीने होऊन गेलेली असते आणि पाच-दहा किलोंचा फरक कोणाला जन्मभर कळतही नाही. शर्यतीच्या गाडीत तो पहिल्याच जोरदार ब्रेकला कळतो. ज्या चाकावर भार कमी, ते आधी घसरते. डावीकडे वळताना नाक बाहेर ओढणारी गाडी उजवीकडे वळताना शेपूट सोडते आणि चालक स्वतःलाच दोष देत बसतो.

या विषयाची दोन अंगे मानली जातात: राइड हाइट, म्हणजे गाडी जमिनीपासून किती उंचीवर उभी आहे, आणि कॉर्नर बॅलन्स, म्हणजे चार कोपऱ्यांवरच्या भाराचा मेळ. पुस्तकांत त्यांची प्रकरणे वेगळी असतात. या प्रस्तावनेत मला एवढेच पटवायचे आहे की कामाला हात घातला की ती वेगळी राहत नाहीत. कॉइलओव्हर शॉकॅबवरची, स्प्रिंग पेलणारी आट्यांची चकती फिरवली की उंचीही बदलते आणि वाटणीही.

आकडे घेऊन बघू. समजा, चालक धरून गाडी 1100 किलोंची आहे आणि स्टिअरिंग आपल्यासारखे उजवीकडे. चाकांखालचे वजनकाटे सांगतात: पुढचे उजवे चाक 290, पुढचे डावे 260, मागचे उजवे 270, मागचे डावे 280. पुढचा भार 550, मागचाही 550. उजवा 560, डावा 540. या चार बेरजा चकत्या फिरवून हलत नाहीत. त्या हलवायच्या तर बॅटरी उचलून दुसरीकडे ठेवा, टाकीची जागा बदला, नाहीतर चालकाचे जेवण कमी करा. चकतीच्या हातात फक्त कर्ण असतो. (कर्ण म्हटल्यावर मराठी वाचकाला रुतलेले चाक आठवणारच, इथला कर्ण भूमितीतला, पण त्याचेही दुखणे चाकाचेच.) पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून 570, दुसरा कर्ण 530. प्रत्येक चाकाचे 10 किलो इकडचे तिकडे गेले की दोन्ही कर्ण 550 होतात आणि बाकीच्या बेरजा जागच्या जागी राहतात.

नवखा माणूस इथे पुढचा उजवा कोपरा खाली घेतो. चाकापाशी स्प्रिंगचा ताठपणा दर मिलिमीटरला 5 किलो धरला आणि टायरचा लवचीकपणा सोडून दिला, तर त्या एका कोपऱ्यात 8 मिलिमीटर उतरावे लागते. वजने जुळतात, पण गाडी एका बाजूला कलते. जाणकार तेच काम चौघांत वाटतो: जड कर्णाचे दोन्ही कोपरे 2 मिलिमीटर खाली, हलक्या कर्णाचे दोन्ही 2 मिलिमीटर वर. भार तेवढाच सरकतो आणि वरची चासी जागची हलतसुद्धा नाही. मला स्वतःला या विषयाची गोडी लागली ती या एका हिशेबाने.

मात्र प्रत्येक कर्णावर 50 टक्के हा आकडा देव्हाऱ्यात ठेवू नये. ज्या सर्किटवर ब्रेकांची परीक्षा असते तिथे पुढची दोन्ही चाके 275-275 करून मागे 285-265 स्वीकारणारेही आहेत. कर्ण मग 49 टक्क्यांवर येतो आणि त्यांना त्याची खंत नसते. अमेरिकेतल्या नॅसकारच्या अंडाकृती ट्रॅकवर तर गाड्या डावीकडेच वळतात, म्हणून कर्ण मुद्दाम असमान ठेवतात आणि शर्यत चालू असताना पिटमध्ये मागच्या काचेतून लांब पाना घालून तो बदलतात.

उंचीची कहाणी अधिक खट्याळ आहे. गाडीखालून वाहणाऱ्या हवेने गाडी रस्त्याला चिकटते, हे कळल्यापासून फॉर्म्युला वनमध्ये मिलिमीटर सोन्याच्या भावाचे झाले. 1981 मध्ये गाडी जमिनीपासून किमान 6 सेंटिमीटर वर हवी असा नियम आला. पण मोजणी उभ्या गाडीचीच होणार! ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरे यांनी असे सस्पेन्शन बसवले की वेगात हवेच्या दाबाने गाडी खाली बसे आणि मोजणीच्या वेळी पुन्हा वर येई. त्या वर्षीची अर्जेंटिनाची शर्यत नेल्सन पिके याच गाडीवर जिंकला. 1994 मध्ये गाडीखाली 10 मिलिमीटर जाडीची फळी आली. ती 1 मिलिमीटरहून जास्त झिजली तर निकाल रद्द. 2023 मध्ये ऑस्टिनला हॅमिल्टन आणि लक्लेर्क यांचे निकाल याच झिजेपायी गेले.

आपल्या रस्त्यांवर स्प्रिंग कापून ‘लो’ केलेल्या गाड्या दिसतात. त्या दिसायला रुबाबदार असतात, एवढेच मी त्यांच्या बाजूने म्हणेन. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म आडव्या रेषेच्याही पलीकडे कलला की गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोहोंतले अंतर वाढते. स्प्रिंगांचा ताठपणा तेवढाच ठेवून खाली बसवलेली गाडी मग वळणावर पूर्वीपेक्षा जास्त झुकू बघते, आणि खड्ड्यात गेलेले चाक स्टिअरिंग न फिरवताही थोडे वळते.

पुण्या-मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी एका आसनाची गाडी घडवून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर नेतात. मुख्यतः त्यांच्यासाठी मोजणीबद्दल चार शब्द. उंची चाकावरच्या पत्र्याच्या कमानीपासून मोजू नका, चासीवरच्या आर्मच्या बोल्टपासून मोजा. पत्रा चारही बाजूंना सारखा बसलेला असतोच असे नाही. टायरमधली हवा आधी ठरवा. टाकीत शर्यतीइतके पेट्रोल, आसनावर चालक किंवा त्याच्या वजनाची वाळूची पोती. डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारची एक बाजू सोडून ठेवा, नाहीतर तोच चोरून एका चाकाचा भार दुसऱ्याला देत राहील. फरशीवर विश्वास ठेवू नका: वरच्याच हिशेबाने, एका काट्याखाली 4 मिलिमीटरचा खळगा प्रत्येक चाकाच्या आकड्यात 5 किलोंची थाप मारतो. त्यासाठी पाण्याची नळी लावून चारही काटे एका पातळीत आणा. लागेल तिथे पातळ पत्र्याचे तुकडे घाला, म्हणजे पुन्हा तीच चौरंगाखालची घडी.

जॅकवरून उतरवलेल्या गाडीचा आकडा कधीच लिहून घेऊ नका. टायर आडवे ताणून बसलेले असतात आणि गाडी खोटी उंच उभी असते. तिला हाताने थोडी मागे-पुढे ढकला, चारही कोपऱ्यांवर दाबून सोडा, पुन्हा काट्यांवर आणा. चकती फिरवली की हे सगळे पुन्हा. कर्ण जुळल्यावर चाकांचे अलाइनमेंट तपासा. उंचीबरोबर तेही सरकलेले असते, आणि ते सुधारले की काटे परत बोलवतात. पहिल्या खेपेला यात अख्खा दिवस जातो. काट्यांचे सेल नवे घालूनच बसा.