शहराचा रस्ता आणि लोकांची देखरेख



रस्ते, बसगाड्या आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागा हा विषय वसंत व्याख्यानमालेस शोभेल काय, अशी शंका एकदोन स्नेह्यांनी मला बोलून दाखविली. इतिहास म्हटला की गड, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे ही शंका स्वाभाविक आहे. परंतु कामगार चळवळीत इतकी वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे की, कामगाराच्या पगारातील किती पैसे घरी पोहोचतात आणि दिवसाच्या चोवीस तासांपैकी किती त्याच्या स्वतःच्या वाट्यास येतात, हे जितके कारखान्यात ठरते तितकेच रस्त्यावरही ठरते. बसचे भाडे वाढले म्हणजे पगारात तेवढी कपात झाली. बस अर्धा तास उशिरा आली म्हणजे कामाचा दिवस अर्ध्या तासाने लांबला. या कपातीविरुद्ध आणि या वाढीव कामाविरुद्ध कोणत्या दारी तक्रार न्यावयाची, हा प्रश्न युनियनच्या कचेरीत मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी नगरवाचनालयात बसून मी जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण झाले ते सभा, संप आणि वाचनालय यांतच.

उदाहरणादाखल मुंबई घेतो. कारण या प्रश्नाचा आरंभापासून आजपर्यंतचा सगळा प्रवास त्या एका शहरात पाहावयास मिळतो.

गोष्ट सुरू होते ती पैशांच्या हिशेबापासून. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला आणि त्या जागी आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली. माणूस धडाडीचा होता. रस्ते, गटारे, मंडई अशी कामे त्यांनी झपाट्याने अंगावर घेतली. क्रॉफर्ड मार्केट हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे, ते त्यांचेच. परंतु खर्चावर नजर ठेवणारे कोणी समर्थ नव्हते. ‘जस्टिस ऑफ द पीस’ या पदवीच्या नेमलेल्या गृहस्थांची सभा होती, पण तिचा लगाम ढिला होता. तिजोरी रिकामी झाली, करांचा बोजा वाढला आणि १८७१ साली करदात्यांनी मोठे आंदोलन उभारले. सर्वांचा रोख क्रॉफर्ड यांच्यावर होता.

त्या वेळी फिरोजशहा मेहता नावाच्या तरुण बॅरिस्टराने वेगळा मुद्दा मांडला. दोष एका अधिकाऱ्याचा नसून व्यवस्थेचा आहे. काम करणारा अधिकारी समर्थ असावा, पण त्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. गर्दीला हे रुचले नाही, तरी पुढील वर्षीचा कायदा त्याच दिशेने गेला. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची नगरसभा झाली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिसांनी निवडावयाचे आणि १६ सरकारने नेमावयाचे. मत मात्र ठराविक कर भरणाऱ्यालाच होते. गोदीतला हमाल, गिरणीतला साचेवाला, टांग्याचा हाकणारा हे सर्व या मोजणीच्या बाहेरच राहिले. तरीही देखरेखीचे बीज रुजले ते येथे, हे मान्य केले पाहिजे.

या नव्या नगरसभेपुढे लगेचच वाहतुकीचा प्रश्न आला. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत एक मार्ग आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत दुसरा. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते. लोक बसेनात, तेव्हा ते दोन आण्यांवर आणावे लागले. पुढे धंदा एवढा वाढला की, १९०५ साली घोड्यांची ट्राम बंद होण्याच्या सुमारास कंपनीच्या तबेल्यात १,३६० घोडे होते.

आता येथे एक बारकावा पाहा. ट्राम खाजगी कंपनीची होती, परंतु रूळ टाकले होते शहराच्या रस्त्यात. रस्ता लोकांच्या पैशाने झालेला आणि नफा भागीदारांच्या पदरात पडणारा, असा हा व्यवहार होता. म्हणून ठराविक मुदतीनंतर ट्राम विकत घेण्याचा हक्क नगरसभेने आपल्याकडे ठेवला होता. त्या काळच्या सभासदांच्या दूरदृष्टीचे मला कौतुक वाटते. ते काही समाजवादी नव्हते, बहुतेक व्यापारी आणि वकील होते. पण रस्ता कायमचा कोणाला लिहून द्यावयाचा नसतो, एवढे व्यवहारज्ञान त्यांना होते.

तो हक्क बजावण्याची वेळ आली १९०१ च्या सुमारास. १८९९ सालीच ट्राम कंपनीने विजेच्या ट्रामसाठी अर्ज केला होता. भांडवल फार लागणार, म्हणून नगरसभेने खरेदीचा हक्क सोडून द्यावा, अशी तिची सूचना होती. नगरसभेने उलट ट्राम स्वतःच ताब्यात घेण्याचे ठरविले. परंतु कायद्याच्या अडचणी निघाल्या, वर्षे गेली, आणि अखेर १९०५ साली त्रिपक्षी करार होऊन वीज व ट्राम हे दोन्ही धंदे एका नव्या कंपनीकडे गेले. हीच बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आपल्या परिचयाची बेस्ट. ७ मे १९०७ रोजी पहिली विजेची ट्राम महापालिकेच्या कचेरीसमोरून क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. नगरसभेच्या दारातूनच ती निघाली, पण नगरसभेची नव्हती. तिची होण्यास आणखी ४० वर्षे लागली.

दरम्यान रस्त्यांचेही असेच झाले. १८९६ साली प्लेगची साथ आली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले पाहिजेत, असे सरकारने ठरविले आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही स्वतंत्र संस्था काढली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते तिच्याच कामांपैकी. रस्ते चांगले झाले, हवा खेळती झाली, यात संशय नाही. परंतु ज्यांच्या चाळी पाडल्या त्या गरिबांनी विचारावयाचे कोणाला? ट्रस्टवर लोकांनी निवडलेल्यांचे बहुमत नव्हते. अखेर १९३३ साली तिचे काम महापालिकेत विलीन करण्यात आले. निकडीच्या नावाखाली नगरसभेला बाजूस सारून नवी संस्था काढावयाची, आणि पुढे तिचे ओझे पुन्हा नगरसभेच्याच खांद्यावर यावयाचे, हा क्रम मुंबईत नवा नाही.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. प्रारंभी बस ही सुखवस्तू लोकांची समजली जाई. गरिबांची ती ट्राम. १९३४ साली नगरसभेच्या सांगण्यावरून बस शहराच्या उत्तर भागात नेण्यात आली. वस्ती तिकडे सरकली होती आणि बसने तिच्यामागे जावे, असे लोकांचे प्रतिनिधी म्हणत होते. कंपनी आधी उत्पन्न पाहते. सभेला आधी वस्ती पाहावी लागते, कारण वस्तीत मते असतात.

मग आला ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस. स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी महापालिकेने बेस्ट ताब्यात घेतली. त्या वेळी २३ मार्गांवर २४२ बसगाड्या होत्या आणि रोज सुमारे २ लाख ३८ हजार उतारू त्यांतून जात. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. या दोन गोष्टी लागोपाठ घडल्या याला मी फार महत्त्व देतो. बसचा मालक नगरसभा झाली आणि नगरसभेचा मालक, प्रथमच, प्रत्येक प्रौढ रहिवासी झाला. १८७२ साली मोजणीबाहेर राहिलेला हमाल ७६ वर्षांनी आत आला.

देखरेखीची रचनाही नीट करण्यात आली. दैनंदिन कारभारास महाव्यवस्थापक आणि त्यावर नगरसेवकांची बेस्ट समिती. अंदाजपत्रक समितीपुढे, तेथून महापालिकेच्या सभेपुढे. भाडे वाढवावयाचे तर चारचौघांत चर्चा व्हावयाची, वर्तमानपत्रांत छापून यावयाचे, युनियनला मोर्चा काढण्यास दिवस मिळावयाचा. विजेच्या विक्रीतील शिलकीने बसची तूट भरून काढावयाची, ही व्यवस्थाही कित्येक दशके चालली. सर्व काही चोख होते असे मी म्हणत नाही. वशिला होता, ढिलाई होती, आणि कामगारांच्या बाजूनेही काही वेळा ताणले गेले. परंतु चूक झाली तर ती कोणाची, हे सामान्य माणसाला समजत होते. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली, तोही निर्णय उघड झाला. आज ट्राम नाही, पण ‘दादर टी.टी.’ हे नाव लोक विसरलेले नाहीत.

ही घडी पुढे विसकटत गेली ती एका घावाने नव्हे. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचा हिशेब वेगळा झाला आणि बसचा तो आधार हळूहळू सुटला. तूट वाढली. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. बेस्टचे अंदाजपत्रक महापालिकेच्या अंदाजपत्रकात विलीन करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. त्याच वर्षी जुलैत किमान भाडे पाच रुपयांवर आले आणि लोकांना दिलासा मिळाला. परंतु त्याचबरोबर ठेकेदारांच्या गाड्या आणि ठेकेदारांचेच चालक घेऊन बस चालविण्याची पद्धत वाढत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये या ठेक्यावरील चालकांनी वेतनासाठी काम थांबविले. तेव्हा बेस्टने ठेकेदाराकडे बोट दाखविले आणि ठेकेदाराने आपल्या दराकडे. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यास ठेक्यावरील बस गर्दीत घुसून माणसे दगावली, तेव्हा चालकांना शिक्षण कोणी व किती दिले, हा प्रश्न साऱ्या शहराने विचारला. तो विचारावयाची जागा म्हणजे नगरसेवकांची समिती. पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली होती, निवडणूक लांबली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले तेही नगरसेवकांच्या सभागृहावाचून.

गाड्या उभ्या करण्याच्या जागेविषयी थोडक्यात सांगतो. ज्याची मोटार रस्त्यावर उभी असते त्याने सार्वजनिक जमीन वापरलेली असते. फेरीवाल्याने तेवढीच जागा घेतली तर आपण तिला अतिक्रमण म्हणतो. मोटारीला मात्र तो शब्द लावीत नाही. पुणे महापालिकेच्या सभेत मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर झाले, पण विरोध एवढा झाला की ते प्रयोगादाखल पाच रस्त्यांपुरते ठेवण्यात आले. तरीही वाद सभेत झाला, लोकांसमोर झाला, हे मला इष्ट वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांकडे सोपवावयाच्या कामांची यादी घटनेत आली. त्या यादीत रस्ते आणि पूल आहेत, वाहनतळ आहेत, बसथांबेही आहेत. बस मात्र नाही. थांबा बांधणे नगरसभेचे काम, आणि थांब्यावर बस आणणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीचे, अशी आज कित्येक गावांची अवस्था आहे. परवाने परिवहन कार्यालयाकडे, रहदारी पोलिसांकडे, खड्डा महापालिकेकडे आणि उतारू सर्वांच्या दारी.

यावर उपाय म्हणून मी कोणती मोठी योजना मांडणार नाही. इतिहासाने जे दाखविले तेवढेच सांगतो. १८७१ साली लोक हिशेब मागण्यास जमले म्हणून निवडलेली सभा आली. १९४७ साली सभेने बस घेतली आणि १९४८ साली सर्वांना मत मिळाले म्हणून बस कामकऱ्यांच्या वस्तीत टिकली. जेव्हा जेव्हा सभा दुबळी झाली किंवा भरलीच नाही, तेव्हा भाडे, ठेका आणि रस्ता यांचा निर्णय बंद दारामागे गेला. म्हणून आपल्या गावी बस चालविण्याचा ठेका दिला जाईल तेव्हा त्याचा मसुदा वाचावयास मागा. चालकाचा पगार आणि त्याचे शिक्षण यांविषयी त्यात काय लिहिले आहे ते पाहा. मते मागावयास येणाऱ्याला आपल्या आळीतली पहिली बस किती वाजता सुटते ते विचारा. सभेच्या दिवशी प्रेक्षकांच्या सज्जात मी पुष्कळदा बसलो आहे. तेथील बाके बहुधा रिकामी असतात. ती बाके आपल्यासाठीच ठेवलेली आहेत.