ड्रॉसोफिला प्रजातीचे वर्गीकरण व क्रमविकास

कीटक वर्गाच्या द्विपंखी गणातील ड्रॉसोफिलिडी कुलात ४,००० हून अधिक जातींचा समावेश होतो. त्यांपैकी १,६०० हून अधिक जाती एकट्या ड्रॉसोफिला या प्रजातीत घातल्या जातात. पिकलेल्या केळ्यांवर किंवा आंबू लागलेल्या रसावर घोटाळणारी, २ ते ४ मिमी. लांबीची व बहुधा लाल डोळ्यांची चिलटे ती हीच. मराठीत त्यांना फळमाशी असेही म्हणतात. परंतु आंबा, पेरू व काकडीवर्गीय फळे पोखरणारी फळमाशी टेफ्रिटिडी या अगदी वेगळ्या कुलातील आहे. ड्रॉसोफिलाच्या अळ्या मुख्यतः कुजणाऱ्या पदार्थांतील यीस्ट व जीवाणूंवर जगतात.

सातारा व सांगली हे जिल्हे या माश्यांच्या अभ्यासाला सोयीचे आहेत. महाबळेश्वरच्या सदाहरित वनात वर्षाकाठी ५०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो, तर जत-आटपाडीच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात तो सु. ५० ते ६० सेंमी. असतो. तासगावची द्राक्षे, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि रानातील जांभूळ, उंबर यांवर निरनिराळ्या ऋतूंत या माश्यांना खाद्य मिळते. वैद्य व गोडबोले यांनी १९७० च्या दशकात पुणे परिसरातील व महाबळेश्वर येथील ड्रॉसोफिलिडी कुलाच्या नोंदी केल्या. अशा संग्रहात पद्धतीचे महत्त्व फार असते. केळे व यीस्ट घातलेल्या बाटलीत मनुष्यवस्तीबरोबर जगभर पसरलेल्या जातीच प्रामुख्याने येतात. अळंब्यांवर किंवा फुलांवर राहणाऱ्या वन्य जातींसाठी जाळे फिरवावे लागते. केवळ बाटलीवर विसंबून केलेली यादी वनाविषयी थोडेच सांगते.

ड्रॉसोफिला हे नाव स्वीडिश कीटकवैज्ञानिक सी. एफ. फालेन यांनी १८२३ मध्ये दिले. ‘दवप्रेमी’ असा त्याचा ग्रीक अर्थ आहे. या प्रजातीची नामधारक जाती म्हणजे फाब्रिसिउस यांनी १७८७ मध्ये वर्णिलेली फ्यूनेब्रिस ही होय. एखादी प्रजाती पुढे विभागली गेली, तर मूळ नाव नामधारक जाती ज्या भागात असेल त्या भागाकडे राहते. या नियमाला येथे अनपेक्षित महत्त्व आले. कारण जगप्रसिद्ध झाली ती फ्यूनेब्रिस नव्हे, तर मायगेन यांनी १८३० मध्ये वर्णिलेली मेलॅनोगॅस्टर. टी. एच. मॉर्गन यांना १९१० मध्ये न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेत तिचा पांढऱ्या डोळ्यांचा उत्परिवर्ती नर आढळला आणि आनुवंशिकीचा बराचसा पाया तिच्यावर रचला गेला.

मॉर्गन यांचे शिष्य ए. एच. स्टर्टेव्हंट हे जितके आनुवंशिकीविज्ञ, तितकेच कसलेले वर्गीकरणतज्ञही होते. त्यांनी केवळ पंख व केस यांवर न थांबता अंड्यावरील तंतूंची संख्या, वृषणांचा आकार व शुक्रग्राहिका अशी अंतर्गत लक्षणेही विचारात घेतली आणि १९३९ मध्ये प्रजातीची उपप्रजातींत मांडणी केली. मेलॅनोगॅस्टर ही सोफोफोरा (‘ज्ञानवाहक’) या उपप्रजातीत गेली, तर फ्यूनेब्रिस ड्रॉसोफिला या उपप्रजातीत राहिली. सोफोफोरातील अंड्यांवर सामान्यतः दोन तंतू असतात. दुसऱ्या उपप्रजातीत बहुधा चार.

बाह्य लक्षणे फसवी ठरतात तेथे गुणसूत्रांनी साहाय्य केले. अळीच्या लालाग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांवरील आडवे पट्टे टी. एस. पेंटर यांनी १९३३ मध्ये अभ्यासिले. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा जोडला गेला, की पट्ट्यांचा क्रम बदलतो. एकावर एक घडलेल्या अशा उलटापालटींवरून कोणती रचना कोणत्या रचनेतून निघाली असावी याची साखळी जुळविता येते. स्टर्टेव्हंट व डॉब्झॅन्स्की यांनी १९३६ मध्ये ती जुळवून दाखविली. पुढे एच. एल. कार्सन यांनी हवाई बेटांवरील चित्रपंखी जातींची वंशावळ याच रीतीने लावली. भारतात म्हैसूर विद्यापीठातील संशोधन विशेष उल्लेखनीय आहे. नासुटा या माशीत आठ गुणसूत्रे असतात, तिच्या निकटच्या अल्बोमायकन्समध्ये सहा. तरीही प्रयोगशाळेत त्यांच्या संकरापासून जननक्षम संतती मिळते. या दोन स्वतंत्र जाती मानाव्यात की एकाच जातीच्या उपजाती, याचे उत्तर म्हणूनच सोपे नाही.

एल. एच. थ्रॉकमॉर्टन यांनी १९७५ मध्ये दाखविले, की सोफोफोरा व ड्रॉसोफिला या दोन मोठ्या शाखांच्या दरम्यान व अंतर्भागात स्वतंत्र समजल्या जाणाऱ्या अनेक प्रजाती येतात. डीएनएच्या तुलनेने हे पुढे दृढ झाले. दोन शाखा सु. ४ ते ६ कोटी वर्षांपूर्वी विभक्त झाल्या असाव्यात. याचे उत्तम उदाहरण भारतात दूरवर पसरलेल्या तीन माश्यांचे आहे. अनॅनासी ही सोफोफोरातील, नासुटा ही दुसऱ्या शाखेतील. दोघींचे प्रजातिनाम एकच. डोक्यावर व छातीवर रुपेरी पट्टे असलेली झाप्रिओनस इंडियानस मात्र वेगळ्या प्रजातीची समजली जाते. वंशसंबंधाने पाहता नासुटा ही अनॅनासीपेक्षा झाप्रिओनसला अधिक जवळची आहे. म्हणजे ड्रॉसोफिला हे नाव आज ज्या समूहाला लावले जाते, त्यात एका पूर्वजाचे सर्व वंशज येत नाहीत.

हा प्रश्न केवळ नावाचा नाही. मेलॅनोगॅस्टर द्राक्षाच्या अखंड सालीतून अंडी घालू शकत नाही, ती तडकलेल्या मण्यांकडे जाते; तिचीच निकटवर्ती सुझुकी ही दातेरी अंडनिक्षेपकाने पिकत आलेल्या निरोगी फळाची साल चिरते. २००८ मध्ये ती अमेरिका व यूरोपात आढळली व तेथील फळबागांना मोठा उपद्रव झाला. झाप्रिओनस इंडियानस, जिचे वर्णन गुप्ता यांनी १९७० मध्ये भारतात केले, ती मूळची आफ्रिकेतील असून १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये अंजिराची कीड म्हणून पुढे आली. कोणती माशी कोणाची नातलग हे ठाऊक नसेल, तर बागाईतदाराला निरुपद्रवी चिलट व खरी कीड यांतील भेद सांगता येत नाही.

वंशावळीप्रमाणे प्रजाती विभागावी, तर नामधारक जातीच्या नियमाने ड्रॉसोफिला हे नाव फ्यूनेब्रिसकडे जाते आणि मेलॅनोगॅस्टर ‘सोफोफोरा मेलॅनोगॅस्टर’ होते. हे टाळण्यासाठी मेलॅनोगॅस्टर हीच नामधारक जाती ठरवावी, असा अर्ज व्हान डर लिंडे व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाकडे केला. आयोगाने तो २०१० मध्ये फेटाळला. निर्णय नियमांच्या दृष्टीने बिनचूक होता. विभागणी मात्र बहुतेक संशोधकांनी पुढे ढकलली. एका शतकाचे वाङ्मय एकाच नावावर उभे असल्याने हा संयम समजण्यासारखा आहे. परिणामी सोफोफोरा हे उपप्रजातीचेच नाव राहिले असून जातींच्या याद्यांत ते प्रजाती व जाती यांच्या दरम्यान कंसात लिहिले जाते.