कडेवरची बर : कोल्हापूरच्या यंत्रउद्योगातील न नोंदलेले काम

कोल्हापूरच्या यंत्रउद्योगाचा इतिहास बहुधा ऑइल इंजिन, ओतकाम आणि उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु ओतलेला व कातलेला जॉब यंत्रात बसण्याजोगा करणारे अखेरचे काम, म्हणजे कडांवरची बर (कातताना राहिलेली धारदार किनार) काढणे, त्या इतिहासात जवळजवळ आलेलेच नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापडगिरणीचा पाया घातला, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसली, आणि उसाला पाणी पाजण्यासाठी व गुऱ्हाळांचे चरक फिरवण्यासाठी इंजिनांची मागणी जसजशी वाढली, तसतसे दुरुस्ती करणारे मिस्त्री सुटे भाग आणि पुढे अख्खी इंजिनेही घडवू लागले. या भागांचा मुख्य धातू करडे ओतीव लोखंड हा होता. साच्याचे दोन भाग मिळतात तेथील फटीत शिरलेल्या धातूचा पापुद्रा, तसेच रस ओतण्याच्या वाटांचे उरलेले बुंधे, छिन्नीने व ग्राइंडरने काढण्याला फेटलिंग म्हणतात. बर मात्र कातकामात जन्मते: हत्यार कडेबाहेर पडताना तेथील धातूला पाठीमागे आधार उरत नाही, म्हणून तो कापला न जाता वाकून पुढे ढकलला जातो आणि कडेला धारदार किनार राहते. ठिसूळ करड्या लोखंडावर ही किनार तोकडी असते, कित्येकदा कडच तुटते. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांवर ती लांब व चिवट होते. त्यामुळे करड्या लोखंडाच्या, कमी फेऱ्यांच्या शेती-इंजिनाला कानशीचे दोन हात पुरत असत, असे मानण्यास जागा आहे.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतून मोटारी, ट्रॅक्टर व पंप यांचे कातून तयार केलेले भाग बाहेर जाऊ लागले, तेव्हा हा सैलपणा चालेनासा झाला. तेलवाहिनीत एकमेकांना छेदणाऱ्या दोन छिद्रांच्या संगमावर राहिलेली बर तेलाच्या प्रवाहात सुटते, बेअरिंगपर्यंत पोचते आणि तेथे चरे पाडते. बाहेरच्या कडेची बर जॉबला मापकावर नीट टेकू देत नाही, म्हणून अचूक कातलेला भागही मापात चुकीचा दिसतो. शिवाय ती हाताळणाऱ्याचा हात कापते.

बर काढण्याच्या कामाला शास्त्राचे रूप उशिरा आले. अमेरिकेत गिलेस्पी व ब्लॉटर यांनी १९७६ मध्ये बर कशी तयार होते यावरून तिचे प्रकार पाडले, तर आयएसओ १३७१५ या मानकाने कड किती बोथट असावी आणि किती बर खपवून घ्यावी हे आराखड्यावर चिन्हांनी लिहिण्याची रीत दिली. ‘सर्व बर काढा’ एवढ्याच सूचनेने सारा निर्णय कारागिराच्या अंदाजावर पडत असे. आकडा लिहिला की ती जबाबदारी आराखडा करणाऱ्याकडे येते, आणि हा बदल कोणत्याही नव्या यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. थरथरणाऱ्या कुंड्यांत खड्यांसह जॉब घोळवणे, फिरते ब्रश, बंद कक्षात वायू पेटवून बर जाळणे अशा पद्धती आज उपलब्ध असल्या, तरी आडव्या छिद्राच्या आतल्या कडेसाठी लहान कारखान्यांत अजूनही हातातली खरवडणी आणि बॅटरीचा उजेड यांवरच भिस्त असते.